उजेडाची जागा

आषाढाच्या झडीत दुपारी तीनलाच जिथे दिवेलागण झाल्याचा भास होतो, आणि माजघराला उत्तरेची एकच खिडकी, तीही पागोळ्यांच्या पडद्याआड, अशा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात म्हाताऱ्या काळ्या मांजरीचे छायाचित्र काढण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. आणि पाळीव प्राण्यांच्या छायाचित्रणाविषयी आज मला जे उमगले आहे, त्याचा बराचसा भाग मला त्या एका दुपारने दिला.

तोवर अंधारावरचा हमखास बंदोबस्त म्हणून फ्लॅशवरच माझा इतबार होता. कुत्र्यामांजरांच्या दृष्टिपटलामागे एक परावर्तक थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला क्षीण प्रकाश तो माघारी फिरवतो, म्हणूनच काळोखात त्यांना आपल्याहून पुष्कळ अधिक दिसते. त्याच थरावर फ्लॅशचा झोत आदळला की तो थेट लेन्समध्ये परततो, आणि ज्या डोळ्यांसाठी छायाचित्र काढायचे त्यांच्या जागी दोन हिरवट-पिवळ्या चकत्या उरतात. एका घरी माझ्या फ्लॅशने बिचकलेला कुत्रा खाटेखाली शिरला तो संध्याकाळपर्यंत दूधभाकरीलाही बाहेर आला नाही. कसूर सर्वस्वी माझा होता, आणि त्याची खंत मला अजून आहे.

म्हणून वाड्यात गेल्यावर मी फ्लॅश पिशवीतच ठेवला आणि उलट माजघरातला दिवाही मालवला. "अहो, आधीच एवढा अंधार, त्यात दिवा कशाला घालवता?" घरच्या आजींनी विचारले. एका अंगाने दिव्याची पिवळी आणि दुसऱ्या अंगाने खिडकीची निळसर छटा पडली, की काळी लव दुरंगी दिसते. मंद असला तरी एकाच जातीचा प्रकाश मला हवा होता. मांजर उचलून खिडकीशी ठेवावी, ही माझी तजवीज मात्र आजींनी साफ नामंजूर केली. "तिला हलवू नका. चारच्या सुमाराला ती आपणहून पाटावर येते." आणि ती खरोखरच आली. खिडकीपासून दोन हातांवरचा तो पाट म्हणजे तिची वर्षानुवर्षांची वहिवाट. त्या घरात उजेड कुठे आणि केव्हा उतरतो, हे माझ्या प्रकाशमापकाआधी तिला ठाऊक होते. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेलो की पहिला अर्धा तास मी कॅमेरा बाहेर काढीत नाही. प्राण्याचा दिनक्रम विचारून घेतो.

पन्नास मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १.८, आयएसओ ३२००. कॅमेऱ्याने १/६० सेकंदाचा शटर सुचवला. परंतु कॅमेरा समोरच्या प्रत्येक वस्तूला मध्यम करडी मानतो, आणि काळ्या मांजरीची राखी मांजर करून टाकतो; तिचा काळेपणा राखायचा तर एक स्टॉप कमी करावा लागतो, म्हणजे शटर १/१२५ वर जातो. अंधाऱ्या खोलीत ज्या वेगासाठी आपण तळमळतो, तो तिच्या काळ्या रंगानेच मला बहाल केला! तरीही मीटरभर अंतरावर फोकसची खोली जेमतेम चार सेंटिमीटर. त्यात डोळे मावले तर बाकीचे अंग धूसर होणारच. ते मी आनंदाने होऊ देतो. आयएसओ वाढवल्याने येणारा ग्रेनही मला सोसवतो, हललेला डोळा मात्र सोसवत नाही.

ती अंग चाटीत होती, मान सारखी खालीवर होत होती. मी पाटासमोर पालथा पडून होतो. गुडघ्याखालची शहाबादी फरशी गार लागत होती. एवढ्यात खिडकीशी उभ्या आजींनी हातातल्या पातेल्यावरचे झाकण हलकेच वाजवले. मांजरीची जीभ अर्धवट बाहेरच थबकली, दोन्ही कान वळले, मिशांचा एकेक केस ताठ झाला, आणि फार तर एका श्वासाइतकी ती निश्चल राहिली.

ते छायाचित्र आज माझ्या भिंतीवर आहे. तिच्या उजव्या बुबुळात उत्तरेची खिडकी पांढऱ्या तिळाएवढी उमटली आहे. त्या तिळाची एक कड जिथे काळी पडली आहे, तिथे आजी उभ्या होत्या.