चार वाक्यांचं काम

२०१६ च्या फेब्रुवारीपासून आमच्या घरात रात्रीची जेवणं साडेनवाच्या आत उरकायला लागली. साडेदहाला झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका लागायची आणि त्याआधी आईला मागचं दार लावून, विहिरीकडचा दिवा बघून, गुडघ्यांना तेल चोळून बसायचं असे. भुताखेतांचं तिला काही नव्हतं. तिला मालिकेतल्या नाईकांच्या घरातली भांडणं हवी होती. अण्णा गेले, मुलं वाड्यावर जमली, आता जमिनीचं काय? हे आमच्याकडे घरोघरी चालतं, भूत असो वा नसो.

नाईकांच्या घरात एक गडी होता, पांडू. त्याला एक विचारावं तर तो दुसरंच सांगे, आणि फारच पिच्छा पुरवला तर तोंड वेडंवाकडं करून म्हणे, ‘इसारलंय’. आईला तो मनापासून आवडला. तिचं स्वतःचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. चष्मा, किल्ली, गॅसवरचं दूध. आम्ही काही बोलायच्या आत तीच पांडूसारखा हात हलवून ‘इसारलंय’ म्हणायची आणि विषय तिथे मिटायचा. डॉक्टरच्या गोळ्यांपेक्षा त्या एका शब्दाने आमच्या घराला जास्त सांभाळलं, असं मला आजही वाटतं.

मालिकेला इथे विरोधही झाला. कोकण म्हणजे भुतं, करणी आणि भाऊबंदकी एवढंच का दाखवता, असं लोक चिडून म्हणत होते. मला त्यांचं पटायचं, आणि साडेदहाला मी टीव्हीसमोर असायचो.

मी शिंपी. मालवण बाजारात माझं छोटं दुकान आहे आणि वाडीच्या सार्वजनिक सत्यनारायणाला होणाऱ्या नाटकाचे कपडे बापाच्या काळापासून आमच्याकडेच. पुढे नाटकात कामं करायला लागलो, मग बसवायला. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आले की तालमी सुरू, पूजेच्या रात्री प्रयोग, दुसऱ्या दिवशी मांडव सोडायचा. तेव्हा मालिकेकडे मी थोडा आतल्या डोळ्यानेही बघत असे. कोण कुठे उभं राहतं, कोणाच्या वाक्यावर कोण वळतं.

एका रात्री मुलगा मोबाइल बघत म्हणाला, ‘बाबा, ह्यो पांडू संवाद लिवता.’ मी म्हटलं, काहीतरीच काय. पण खरंच होतं. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचे संवादही लिहीत होते. दिग्दर्शन राजू सावंत यांचं, आणि नाईकांच्या घरातली माणसं जे बोलत होती त्यातलं कितीतरी ह्या विसरभोळ्या गड्याच्या हातचं. अण्णांची बायको माई रडते ते त्याने लिहिलेलं, भाऊ भांडतात ते त्याने लिहिलेलं, आणि स्वतःसाठी त्याने ठेवलं काय, तर ‘इसारलंय’. मला हसू आलं. त्यातलं खरं काय ते मात्र मला दोन वर्षांनी कळलं, तेही तोंडघशी पडून.

नटानेच आपली वाक्यं रचणं आमच्या मुलखाला नवं नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसतेच. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कोणता राजा, कोण राक्षस, हे वाटून होतं, आणि तोंडाला रंग लावता लावता गडी मनातल्या मनात आपलं भाषण बांधतो. मध्यरात्रीनंतर पालखी देवळाला फिरून आली की खेळ उभा राहतो. पेटी, पखवाज, झांज, एक लाकडी बाकडं. ते बाकडं सिंहासन, तेच रान, तेच कैलास. संकासुर काळ्या वेशात येऊन भटजीची टर उडवतो ती त्याच गावच्या, त्याच वर्षीच्या गोष्टींवर. उजाडेपर्यंत बोलायचं आणि शेवटी दहीहंडी. तिथे लेखक, नट आणि थोडाफार दिग्दर्शक एकाच अंगरख्यात असतो. फक्त त्याला कोणी लेखक म्हणत नाही.

आणि कोळंबचा पूल ओलांडून गेलं की रेवंडी, मच्छिंद्र कांबळींचं गाव. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये त्यांनी तात्या सरपंच उभा केला आणि मालवणी बोली मुंबईच्या नाट्यगृहांत, पुढे लंडनपर्यंत नेली. पाच हजारांवर प्रयोग. मी ते नाटक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून बाकावरून पडायच्या बेतात होतो, आणि घरी येताना थोडा गप्प झालो होतो. कारण ती गावच्या नाटकवाल्यांचीच गोष्ट आहे. द्रौपदी ऐन वेळी गायब, मास्तर हैराण, ज्याला त्याला स्वतःच्या टाळीची घाई. म्हणजे आम्हीच.

एवढं सगळं उशाशी असून मी जे केलं ते केलं. २०१८ च्या मे महिन्यात वाडीने ठरवलं, यंदा नाटक आपलंच लिहायचं, मालवणीत. लिहिणार कोण? मी. बसवणार कोण? मी. मुख्य काम? त्यालाही मीच. पावसाळ्यापूर्वी दुकानात कामाचा ढीग असतो, तरी रात्री दीड-दोनपर्यंत शिलाई मशीनवर वही ठेवून लिहीत बसायचो. एक खोत, त्याचं कर्ज, आंब्याच्या बागेचा सौदा. खोत मी. खोताला सात मोठी भाषणं होती. आपलीच वाक्यं मोठ्याने वाचताना अंगावर काटा यायचा. दुसऱ्या कोणाच्या आला असेल असं वाटत नाही.

तालमीतच बिघडत गेलं. मी लिहिलेलं मीच बदलायचो, म्हणजे रोज नवं सुचायचं आणि तेच बोलून टाकायचो. समोरचा बिचारा पाठ केलेल्या शेवटच्या शब्दाची वाट बघत उभा. प्रयोगाच्या रात्री तर मी पहिल्या अंकातलं एक भाषण तिसऱ्या प्रवेशातच ठोकून दिलं. आत प्रॉम्प्टर पानं उलटतोय, बाग विकत घेणारा व्यापारी विंगेत उभ्याने घामाघूम, आणि मी रंगात येऊन समुद्राबद्दल बोलतोय. नाटकात समुद्र कुठे आला, हे मला आजतागायत सांगता येणार नाही. मागच्या रांगेतली मुलं उठून भेळेच्या गाडीकडे गेली. पडदा पडल्यावर टाळ्या झाल्या, पण त्या सुटका झाल्याच्या होत्या. तेवढं शिंप्याला कळतं. अंगात न बसलेला शर्ट घालूनही गिऱ्हाईक आधी ‘बरो आसा’ असंच म्हणतं.

वाडीत एक जुने दशावतारी आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. तरुणपणी स्त्रीपार्टी करायचे. नऊवारी नेसून उभे राहिले की बायका खालून त्यांच्या निऱ्या बघायच्या, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी मांडवाचे वासे सोडताना ते माझ्याशेजारी येऊन बसले. विडी पेटवली.

‘लिवलंस बरा,’ म्हणाले. ‘पण तू लिवलंस म्हणान सगळा तूच बोलतलंस? समोरचो काय खांब आसा?’

मी म्हटलं, ‘आबानू, दशावतारात तुम्ही मनाचंच बोलता ना?’

‘बोलतंव. पण समोरच्याक जागा ठेवन बोलतंव. राजान राक्षसाक बोलूक दिल्यान नाय, तर लढाय कोणावांगडा करतलो?’

त्या रात्री मला पांडू आठवला. लेखणी हातात असून त्याने भाषणं दुसऱ्यांच्या तोंडी दिली आणि स्वतः दाराशी उभा राहिला. घरात सगळे ओरडत असताना हा मधेच चहाचा कप घेऊन यावा आणि आपण का आलो तेच विसरून जावं. त्या एका शब्दाआधी इतरांनी केवढं तापवून ठेवलेलं असतं! आणि ते विसरणंही आधी कागदावर लिहिलेलं. जानेवारी २०१९ मध्ये मालिकेचा दुसरा भाग आला, गोष्ट मागच्या काळात गेली, माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत होऊन घरभर गुरगुरायला लागले, अपूर्वा नेमळेकरची शेवंता आली. लोक अण्णा आणि शेवंतासाठी बघत होते. मी मात्र वही घेऊन बसायचो आणि पांडू कधी गप्प राहतो ते टिपायचो. बायको म्हणे, शिंपी आता हिशेब ठेवूक लागलो.

त्याच एप्रिलमध्ये सावंतवाडीकडे कापड आणायला गेलो असताना वाटेत आकेरीला उतरलो. मालिकेतला वाडा तिथेच. बाहेर मुंबई-पुण्याच्या गाड्या, माणसं फोटो काढतायत, एक मुलगा मित्रांना अण्णांची नक्कल करून दाखवत होता. मला वाड्यापेक्षा त्याच्या पडवीचं आश्चर्य वाटलं. टीव्हीवर वाटते तेवढी ती मोठी नाही. एवढ्याशा जागेत इतकी माणसं एकमेकांशी बोलत राहिली, म्हणून ती मोठी वाटायची.

२०१९ च्या मे महिन्यातही नाटक मीच लिहिलं. ह्यावेळी आधी नटांची मापं घेतली. म्हणजे प्रत्येकाला दुकानात बोलावलं, चहा पाजला, आणि बोलू दिलं. रिक्षावाला वाक्य अर्धं सोडून हसतो, मासेविक्रीची वहिनी प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देते, पोस्टात असलेला माझा चुलत भाऊ ‘म्हणजे तसा नाय’ म्हटल्याशिवाय सुरूच होत नाही. तसं तसं त्यांच्या अंगाबेताने लिहिलं. स्वतःला एक हमाल ठेवला, चार वाक्यांचा. पहिल्या अंकात दोन, शेवटच्या अंकात दोन. उरलेला वेळ मी विंगेत उभा राहून पडद्याची दोरी धरली, आणि रिक्षावाल्याच्या एका अर्धवट वाक्यावर सगळा मांडव हसला तेव्हा माझ्या हातातून ती सुटता सुटता राहिली.

आई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर होती, अंगावर शाल, मे महिन्यातसुद्धा. तिचं विसरणं आता किल्ली-चष्म्याच्या पुढे गेलं होतं. काही सकाळी ती मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी तिला पेज वाढली. बरोबर खोबऱ्याची चटणी. ती बराच वेळ ताटलीकडे बघत होती, मग म्हणाली, ‘काल नाटक बरा झाला. सगळ्यांनी कामा बरी केल्यानी.’

मी म्हटलं, ‘होय गे.’

‘पण तू खंय हुतंस?’

मी पेजेत मीठ घातलं की नाही तेच मला आठवेना.