देल्वोच्या बायका

झोप येईना, म्हणून पॉल देल्वोची चित्रं चाळत बसले. हा बेल्जियमचा चित्रकार, जन्म 1897चा. त्याला अतिवास्तववाद्यांत धरतात, पण त्याला स्वतःला तो शिक्का फारसा रुचत नसे. त्याची शाई आणि जलरंगातली रेखाटनं मला तैलचित्रांहून जवळची वाटतात. तिथे रेघ थोडी चाचरते, म्हणून त्या बायका जिवंत वाटतात. रिकामी स्टेशनं, दिव्यांचे खांब, आणि त्यातून चालणाऱ्या टपोऱ्या डोळ्यांच्या बायका. एकमेकींच्या शेजारी उभ्या असूनही कुणी कुणाकडे बघत नाही.

1944चं ‘निद्रिस्त व्हीनस’ लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चंद्रकोर, ग्रीक देवळं, कोचावर गाढ झोपलेली नग्न व्हीनस आणि तिच्याजवळ उभा सांगाडा. मागे काही बायका हात उंचावून आकांत करताहेत, ही मात्र ढिम्म! त्या काळात ब्रुसेल्स जर्मनांच्या ताब्यात होतं, शहरावर बॉम्ब पडत होते. त्याआधीच ब्रुसेल्सच्या जत्रेतल्या स्पिट्झनर संग्रहालयात त्याने यंत्राने श्वास घेणारी मेणाची व्हीनस पाहिली होती. तिने त्याला जन्मभर सोडलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. पुरुष येतो तो बहुधा कपड्यांत, चष्मा लावून, काहीतरी तपासण्यात गर्क. नागवेपण बहुतेक बायकांच्याच वाट्याला. त्याच्या स्वप्नात त्यांनी काय पाहिलं असतं, हे त्याने कधी काढलं नाही. मला तेच बघायचं होतं.