लग्नघरातील फर्माईश

मराठवाड्यात ‘डीजे’ हा शब्द गाणी लावणाऱ्या माणसासाठी क्वचितच वापरला जातो. टेम्पोवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीलाच लोक डीजे म्हणतात. यंत्राला नाव मिळाले आणि त्यामागे बसलेला माणूस निनावी राहिला. गेली बारा-तेरा वर्षे आमच्या वाशीत, तसेच भूम, कळंब, बार्शीकडील नातलगांच्या मंगलकार्यांत त्या निनावी जागेवर मी बसत आलो आहे. माझा व्यवसाय कापडदुकानाचा. परंतु गाण्यांचा संग्रह सर्वांना ठाऊक असल्यामुळे लग्न ठरले की “काका, गाण्यांचे तुम्हीच बघा” असा निरोप येतो. यंत्रणा भाड्याची असते, निवड माझी. आता समाजातील काही तरुण हे काम हौसेने, काही व्यवसाय म्हणूनही करू लागले आहेत. त्यांच्या आणि कार्य काढणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे लिहीत आहे.

गाण्यांची निवड ऐनवेळी मांडवात करू नये. ती आठ दिवस आधी यजमानांच्या घरी बसून करावी. मी तीन याद्या मागतो : जी गाणी लागलीच पाहिजेत ती, जी मुळीच लागता कामा नयेत ती, आणि जी माझ्या विवेकावर सोडली आहेत ती. पहिली यादी सगळे उत्साहाने देतात. दुसरीविषयी विचारले की थबकतात. खरे महत्त्व दुसरीलाच आहे. एका घरी नवरीच्या आईने हलक्या आवाजात एकच गाणे सांगितले. नवरीचे वडील ते नेहमी गुणगुणत असत, आणि त्यांना जाऊन वर्षही झाले नव्हते. गाणे आनंदी होते, ठेक्याचे होते. त्यात वावगे असे काहीच नव्हते. विचारले नसते तर मला ते कळण्याचा मार्ग नव्हता. त्या संध्याकाळी पाहुण्यांनी ते दोनदा मागितले. दोन्ही वेळा मी हसून दुसरे लावले. कारण कोणालाही सांगितले नाही.

प्रत्येक गाणे आधी शेवटपर्यंत ऐकावे. कित्येक गाण्यांचे ध्रुवपद सोज्ज्वळ असते आणि तिसऱ्या कडव्यात असे काही शब्द येतात, की आजी-आजोबांसमोर मान खाली घालावी लागते. निवडलेली गाणी यंत्रात उतरवून ठेवावीत. इंटरनेटच्या भरवशावर राहू नये. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या दोन मिनिटांत मांडवातील रंग उतरतो, म्हणून विजेवर चार्ज करून ठेवलेला एक लहान स्पीकर जवळ असावा.

आपल्या समाजातील लग्नांचे वेळापत्रकही निवडीत लक्षात घ्यावे लागते. बहुतेक घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. मे महिन्यात आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि उघड्यावरचा ध्वनिक्षेपक नियमाप्रमाणे दहाला बंद करावा लागतो. म्हणजे संगीतासाठी हाती जेमतेम तीन तास राहतात. पहिला अर्धा तास लोक नुकतेच जेवून उठलेले असतात; तेव्हा सनई, बासरी किंवा जुनी संथ गाणी बरी. त्यानंतर ठेका हळूहळू वाढवावा. सलग दोन जलद गाण्यांनंतर एक मध्यम लयीचे लावले, तर दम लागलेल्यांना बसता येते आणि आत्या, मावशी, काकू यांना उठता येते. वरातीतले गाणे मात्र चालीशी जुळणारे हवे. माणूस सहज चालताना मिनिटाला साधारण शंभर पावले टाकतो. ठेका त्याच्या फार पुढे धावला की वरात एकाच चौकात नाचत राहते आणि मुहूर्त टळतो.

आता फर्माईशींविषयी. माझ्या पिढीला फर्माईश हा शब्द रेडिओने शिकवला. विविध भारती १९५७ साली सुरू झाली. आकाशवाणीवर मराठी श्रोत्यांसाठी ‘आपली आवड’ असे. फर्माईशी पाठवणाऱ्यांच्या चिकाटीमुळे झुमरी तिलैया हे दूरचे गाव देशभर ठाऊक झाले. गाणे तर लागणारच असे. श्रोते कानात प्राण आणून ऐकत ते निवेदकाने वाचलेले आपले नाव. लग्नातही हेच घडते. फर्माईश घेऊन येणाऱ्याला गाण्याइतकीच आपली दखल हवी असते. म्हणून मी वही ठेवतो. मागणाऱ्याचे नाव, तो कोणत्या पक्षाचा, गाणे कोणते, हे त्याच्यादेखत लिहितो. ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘केव्हा’ ते सांगतो, आणि सांगितलेली वेळ पाळतो. दोन्ही पक्षांच्या फर्माईशी आलटून पालटून घेतो. सलग चार गाणी वरपक्षाची झाली तर वधूपक्षाचे मामा मोजत बसलेले असतात.

२०१६ साली ‘सैराट’ आला, तेव्हापासून ‘झिंगाट’ मागितले गेले नाही असे एकही लग्न मला आठवत नाही. त्या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण शेजारच्या करमाळा तालुक्यात झालेले. आमच्या मुलांना ते गाणे घरचेच वाटते. ते मी नाकारत नाही. सगळी मंडळी जमल्यावर एकदाच लावतो. तेच गाणे तिसऱ्यांदा मागणाऱ्याला वही दाखवतो : “भाऊ, तुमच्या आधी सात जण थांबले आहेत.” वहीशी सहसा कोणी भांडत नाही.

या वहीत मी आणखी एक रकाना आखला आहे : ‘आवाज कमी करा’. हीदेखील फर्माईशच आहे, पण ती मागणारे यंत्रापर्यंत येत नाहीत. तान्ह्या बाळाची आई मांडवाच्या कडेला सरकते, हृदयविकाराचे आजोबा घरी निघून जातात, परीक्षा असलेला शेजारचा मुलगा खिडकी लावून घेतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. बंद सभागृहांना रात्रीच्या बंदीतून सूट असली, तरी पत्र्याच्या छपराच्या कार्यालयातून आवाज गावभर जातोच. कानाच्या दृष्टीने पाहिले, तर ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पण १०० डेसिबलला पंधरा मिनिटांतच ती मर्यादा संपते. मोजण्याचे साधन नसले तरी एक खूण पुरेशी आहे : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, की आवाज उतरवावा.

तीन-चार वर्षांपूर्वीची एक वरात सांगतो. वाटेवरच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ अखेरच्या दिवसांत होते. घरात नमोकार मंत्राचा जप चालू होता. त्यांच्या सुनेने सकाळी दुकानात येऊन मला एवढेच विचारले, “काका, वरात इकडूनच जाणार का?” दुसरी वाट नव्हती. मी नवरदेवाच्या कानावर घातले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याने स्वतः हात वर केला आणि मी यंत्र बंद केले. नाचणारी मुले गोंधळली. मग घोड्याच्या टापा तेवढ्या ऐकू येत राहिल्या. त्या घराच्या दारात सून डोक्यावर पदर घेऊन उभी होती. गल्ली ओलांडल्यावर गाणे पुन्हा सुरू झाले. नवरदेवाचे एक काका मात्र संतापले. पैसे मोजून आणलेले वाद्य भर रस्त्यात बंद केले, हा घराण्याचा अपमान असे त्यांचे म्हणणे होते. ते माझ्याशी आजही मोजकेच बोलतात. त्यांचा राग मला समजतो, पण पुन्हा तशी वेळ आली तरी मी यंत्र बंदच करीन.

म्हणून कार्य काढणाऱ्या कुटुंबांना एक विनंती आहे. घरातील एक समजूतदार माणूस गाण्यांसाठी नेमा आणि शेवटचा शब्द त्याचा राहील, हे दोन्ही पक्षांना आधीच सांगा. यंत्रामागे बसलेला मुलगा विशीतला असतो. पन्नास मामा-काकांना नकार देण्याचे ओझे त्याच्यावर टाकू नका. आणि त्या मुलांना सांगणे इतकेच, की वही घेऊन स्वतःच्या जागेवर बसून राहू नका. तासाभराने एकदा मांडवाच्या कडेने फेरी मारा. जे मागायला येत नाहीत, त्यांची फर्माईश तिथे उभे राहिल्याशिवाय ऐकू येत नाही.