पिशवीचं वय

कापडी पिशवी घेतली की पर्यावरणाप्रती आपलं कर्तव्य संपलं, असा एक समज गेल्या काही वर्षांत पक्का झाला आहे. २०१८च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, २३ जूनपासून दंड सुरू झाला आणि कापडी पिशव्या वाटणं हे सार्वजनिक सत्कार्य ठरलं. संमेलनं, मेळावे, दुकानांचे वर्धापनदिन, सगळीकडे नवी कोरी पिशवी हाती पडते. वाटणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण खोट या वाटपातच आहे. पिशवी कशाची आहे यापेक्षा ती किती वेळा बाजारात गेली, हा प्रश्न मोठा आहे. घरात पाचवी-सहावी पिशवी आली की आधीच्या चारींच्या फेऱ्या कमी होतात, इतका हा साधा हिशेब आहे.

या हिशेबाला आकडे आहेत. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८मध्ये पिशव्यांचा, कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा, अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या दुकानांत मिळणाऱ्या साध्या प्लास्टिक पिशवीशी तुलना केली, तर हवामानावरच्या परिणामापुरती बरोबरी साधायला सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते. म्हणजे दर आठवडी बाजाराला एकदा नेली तर वर्षभर. प्रत्येक पर्यावरणीय निकषावर बरोबरी साधायची तर हाच आकडा ७,१०० होतो, आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी २०,०००. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११चा अभ्यासही त्याच दिशेने जातो. तिथे एकदा वापरून फेकल्या जाणाऱ्या पातळ पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवीला १३१ फेऱ्या लागतात. कारण उघड आहे. पातळ पिशवी जेमतेम आठ ग्रॅमची, तर सुती पिशवी तिच्या वीसपटीहून जड, आणि त्या प्रत्येक ग्रॅममागे शेत, सूतगिरणी, माग आणि रंगाई उभी असते.

हे आकडे हाती घेऊन ‘मग प्लास्टिकच बरं’ म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना उत्तर द्यायलाच हवं. एक तर ७,१०० हा आकडा ओझोन थराची हानी या एकाच, सर्वांत प्रतिकूल निकषावरून आलेला आहे. तोच आकडा सरसकट फेकणं रास्त नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डेन्मार्कमध्ये पिशवी उघड्यावर पडण्याचं प्रमाण नगण्य धरून तो परिणाम हिशेबात घेतलेलाच नाही. तिथली पिशवी कचरापेटीतून भट्टीत जाते. आपली कुठे जाते, हे २६ जुलै २००५ला मुंबईने पाहिलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्या पावसाने पूर आलाच असता, पण पिशव्यांनी चोंदलेल्या नाल्यांनी पाणी आणखी अडवून धरलं. त्यानंतरच राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. गायीच्या पोटात साठलेलं प्लास्टिक हवामानाच्या कोणत्याही निकषात मोजलं जात नाही. म्हणून बंदी योग्यच आहे, आणि ती नीट राबवली जात नाही हे दुःख आहे.

पण बंदी योग्य म्हणून कापूस निरपराध ठरत नाही. महाराष्ट्राने तरी हे विसरू नये. आपला कापूस बहुतांश कोरडवाहू, त्यामुळे सिंचनाच्या पाण्याचा आक्षेप इथे सौम्य होतो. फवारणीचा मात्र होत नाही. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. पुढे त्याच धाग्याचं कापड होऊन रंगाईला जातं, आणि इचलकरंजीतल्या प्रक्रिया उद्योगाच्या सांडपाण्याने पंचगंगेचं काय झालं आहे हे कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. एवढं सोसून आलेलं कापड तीनदा वापरून कपाटात घडी घालून ठेवणं हा त्या माणसांवर आणि त्या नदीवर अन्याय आहे, असं मी अगदी मनापासून मानतो.

कापडासारख्या दिसणाऱ्या नॉनवोव्हन पिशवीचं थोडक्यात सांगतो. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. राज्याच्या २०१८च्या बंदीत ती होतीच, आणि केंद्राच्या २०२१च्या नियमांनीही चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकं कापड वर्ज्य केलं. जाड आणि टिकाऊ असेल तर डेन्मार्कच्या हिशेबात ती सहा वापरांतच हवामानाची भरपाई करते. पण बाजारात मिळते ती बहुधा विरविरीत, चार वापरांत कोपऱ्यातून उसवणारी.

आता व्यवहारातले आक्षेप. वाटेत अचानक भाजी घ्यावीशी वाटली तर? गिऱ्हाईक रिकाम्या हाताने आलं तर हातगाडीवाल्याने काय करावं? ही अडचण खरी आहे, आणि दंडाचा पहिला घाव त्याच्यावरच बसतो हे अन्यायाचं आहे. यावर उपाय गिऱ्हाइकाकडेच आहे: ऑफिसच्या बॅगेत, स्कूटरच्या डिकीत घडी करून ठेवलेली एक पिशवी. मासळी-मटणाला डबा न्यावा, कारण कापड तिथे कामाचं नाही. कॅरीबॅग कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून वापरली जायची, ती गेली की लोक मुद्दाम कचऱ्याच्या पिशव्या विकत घेतात, हाही आक्षेप निराधार नाही. कॅलिफोर्नियातल्या बंदीनंतरच्या एका अभ्यासात वाचलेल्या प्लास्टिकपैकी सुमारे तीस टक्के असं परत आलेलं दिसलं. ओला कचरा वेगळा ठेवून डबा रोज धुतला तर त्याला अस्तर लागत नाही, पण त्यासाठी पालिकेची गाडी रोज आली पाहिजे.

राहिला रोजगाराचा प्रश्न. पिशव्या शिवण्याचं काम बचत गटांतल्या बायकांना मिळालं आहे, वाटप थांबलं तर त्यांनी काय करायचं? उत्तर जुन्या कापडात आहे. सुती पिशवीचे वरचे सगळे आकडे नव्या कापडाचे आहेत. जुनी साडी, विरलेली चादर, लहान झालेली पँट यांच्या कापसाचा भार त्या वस्त्राने आधीच सोसलेला असतो. पिशवीच्या वाट्याला फक्त दोरा आणि शिलाई येते. संस्था आणि पालिका नवं कापड विकत घेतात त्याऐवजी सोसायट्यांमधून जुने कपडे गोळा करून गटांना पुरवू लागल्या, तर बायकांची शिलाईची मजुरी तेवढीच राहील आणि कापडावरचा पैसा वाचून त्या मजुरीत भर घालता येईल.