पाझर तलाव आणि पाण्याचा वाटा

बारामती म्हटले की बाहेरच्याला ऊस आठवतो. तो नीरा डाव्या कालव्याखालचा पट्टा. सुपे, मोरगाव, लोणी भापकरकडे वळले की जिरायत लागते. शेजारच्या इंदापुरात एका कडेला उजनी धरणाचा फुगवटा आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणारी गावे.

*

साठच्या दशकाअखेरच्या टंचाईत या जिरायत भागात 'कासा' ही चर्चची मदतसंस्था आली. तिने धान्य फुकट वाटले नाही. पाझर तलावाच्या कामावर या आणि मजुरीत गहू-तेल घ्या, अशी बोली होती. याच कामाच्या ओघात १९७१ साली बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. अप्पासाहेब पवारांनी ते वाढवले. गहू खाऊन संपला, तलाव मात्र राहिले. मदत करावी तर अशी.

*

पाझर तलावाला कालवा नसतो. ओढ्यावर आडवा मातीचा भराव, पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांचे पिचिंग. अडलेले पाणी मुरमातून, खडकाच्या भेगांतून खाली उतरते आणि खालच्या अंगाच्या विहिरी जास्त दिवस टिकतात. शाळूला ऐन वेळी एक पाणी मिळाले तरी पीक पदरात पडते. तळाला गाळ बसला की पाझर मंदावतो. नव्या बांधाला देणगी मिळते, जुन्यातला गाळ काढायला तितके कोणी पुढे येत नाही.

*

एक गोष्ट मनाला लागून राहते. भरावावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या कितीजणींच्या घरी विहीर होती? भूमिहीनांच्या चुली काम चालले तोवर पेटल्या. पुढे वर्षानुवर्षे पाणी मिळाले ते विहीरवाल्यांना.

*

याचे उत्तर शेजारच्या पुरंदरात सापडले. नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या संख्येवर: माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस घ्यायचा नाही. साखर कारखान्यांच्या मुलखाशेजारी असा नियम पाळायला छाती लागते.

*

पाणी अडवून मुरवण्याचे असे काम दूर आफ्रिकेतही झाले. झिंबाब्वेत झ्विशावाने इथे झेफनाया फिरी या शेतकऱ्याने खडकाळ उतारावरून वाहून जाणारे पाणी दगडी बांधांनी अडवले, खड्ड्यांत मुरवले आणि खालचे शेत ओलिताखाली आणले. पुढे इतरांनाही ते शिकवले. आफ्रिकेच्या दक्षिण भागातही दुष्काळात कामाच्या बदल्यात धान्य देण्याची पद्धत आहे. तिथल्या गरीब गावांसाठी झटणाऱ्यांना आपल्याकडून काही न्यायचे असेल, तर पाझर तलावाच्या आराखड्यासोबत नायगावचा नियमही न्यावा.

*

देणगीदारांना कळकळीने सांगणे आहे: बांधाची आखणी होण्याआधी ग्रामसभेत पाणीवाटपाचा ठराव मागा. त्यात भूमिहीनांचा वाटा लिहिलेला हवा, गाळ काढायचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला हवा. पैसे त्यानंतर द्या.