कोकणकडा? नेक्स्ट टाइम!

शुक्रवारची संध्याकाळ. बॉस नुकताच निघालेला आणि ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या हरिश्चंद्रगड?’ पाच मिनिटांत सोळा थम्स-अप! आपले ट्रेक असेच ठरतात ना? पण दोस्तांनो, थम्स-अप म्हणजे तयारी नव्हे. हे आम्हाला गेल्या पावसाळ्यात कळलं.

तसा आमचा प्लॅन एकदम पक्का होता. नऊ जण, त्यातले पाच पहिल्यांदाच ट्रेकला येणारे. लीडर अस्मादिक! कॅन्टीनमध्ये बसून कामं वाटली. एकाकडे फर्स्ट एड, एकीकडे पाण्याचा हिशेब, एकाच्या फोनमध्ये ऑफलाइन नकाशा. सगळ्यात फिट भिडू शेवटी चालणार, म्हणजे मागे कुणी राहायला नको. कुठल्या वाटेनं जाणार आणि कधी परतणार, हे घरी लिहून दिलं. शिवाय एक नियम : एकालाही त्रास झाला, तर सगळे परत.

रात्रीच्या गाडीनं कल्याणहून माळशेज घाट चढून खुबी फाट्याला उतरलो. उजाडताना धरणाच्या कडेनं खिरेश्वर गाठलं. गावातले एक मामा वाट दाखवायला सोबत आले. तोलार खिंडीपर्यंत फुल टू धमाल. पुढचा रेलिंगचा कातळटप्पाही पार झाला. खरी परीक्षा त्यानंतर असते. एकामागून एक सारख्या दिसणाऱ्या टेकड्या, मध्ये झाडी आणि पुढच्याची सॅकही दिसू नये असं धुकं. ऑगस्ट २०२३ मध्ये याच गडावर पुण्याचा एक ग्रुप वाट चुकला आणि त्यातला एक तरुण थंडीनं दगावला. मे महिन्यात घाम काढणारा आपला सह्याद्री पावसात माणसाला गारठवून मारू शकतो!

तिसऱ्या टेकडीवर आमचा सगळ्यात लहान भिडू बोलायचा थांबला. दात वाजत होते, पावलं अडखळत होती. अंगात जीन्स आणि कॉटनचा टी-शर्ट, दोन्ही चिंब. ‘कोरडे कपडे काढ,’ म्हटलं, तर सॅकमधलेही भिजलेले. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचे, हे मी सांगितलं होतं. तपासलं मात्र नव्हतं. चूक त्याची नव्हती, माझी होती.

कुणीतरी म्हणालं, ‘अरे, आता तासाभराचंच अंतर आहे.’ मामांनी एकदा त्या पोराकडे पाहिलं. ‘वर जाऊन धुकंच बघणार ना? पोरगं गारठलंय. चला खाली.’

आडोशाला थांबून त्याला माझे कोरडे कपडे घातले, टोपी चढवली, गूळ-शेंगदाणे खायला दिले आणि दोघांच्या मध्ये ठेवून खाली आणलं. खिरेश्वरात चुलीपुढे बसून चहा घेतल्यावर त्याचा पहिला प्रश्न, ‘कोकणकडा राहिला ना?’ तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

डिसेंबरात पुन्हा गेलो, या वेळी पाचनईच्या सोप्या वाटेनं. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात पाय बुडवले आणि कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खाली पाहिलं. शब्दच नाहीत!

त्या ट्रेकचा लीडर कोण होता माहितेय? तोच गारठलेला भिडू! निघायच्या आधी त्यानं प्रत्येकाची सॅक उघडायला लावली. सगळ्यात आधी माझी.

निघण्याआधी...
* प्रत्येकी तीन लिटर पाणी, टॉर्च, शिट्टी.
* पिशवीत बांधलेला कोरडा जोड. जीन्सला टाटा!
* पावसात गावातला वाटाड्या हवाच. त्याचे पैसे आधी ठरवा.
* मुक्काम करायचा तर वनविभागाचे नियम विचारून घ्या.
* अडचणीत ११२. पण रेंजच्या भरवशावर राहू नका.