बारा गाड्यांतली एक

जुन्या मोटारींचे कौतुक मलाही आहे. धुळ्याला मामांच्या दारात अजून एक अ‍ॅम्बॅसडर उभी आहे. 2014 साली त्या गाडीचे उत्पादनच थांबले, त्यामुळे मामांचा अभिमान अधिकच वाढला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची चाल डोंबिवलीने 1999 साली पाडली, ती पुढे आमच्याकडेही रुजली. त्या यात्रेत मामा फेटा बांधून मोटार हाकतात. आत मात्र कोणाला बसू देत नाहीत. रंगाला ओरखडा पडेल!

पण खानदेशात वसंतातली खरी जुनी वाहने पाहायची, तर बारागाड्या पाहाव्यात. चैत्र-वैशाखात, कुठे आखाजीला, बैल सोडलेल्या गाड्या एकीमागे एक जोडतात. त्यांवर माणसे दाटीवाटीने चढतात, भंडारा उधळला जातो, आणि भगत आपल्या बगल्यांना घेऊन सारी ओळ ओढत नेतो.

जळगावजवळच्या आमच्या गावी त्यांतली एक गाडी आमची असे. आबांनी ट्रॅक्टर घेतला, बैल विकले. गाडी मात्र ठेवली. आखाजी जवळ आली, की ते स्वतः वंगण घालीत, एकेक आरा ठोकून पाहत, धाव सैल झाली का ते तपाशीत.

एकदा धुळे रस्त्यावरचा एक हॉटेलवाला आला. रंग देऊन, दिवे लावून गाडी त्याला दारात शोभेला ठेवायची होती. किंमत चांगली होती. आबा एवढेच म्हणाले, "गाडी चालाकरता ऱ्हास, दखाडाकरता नही."

आबा गेले, आणि हॉटेलवाला पुन्हा आला. मी जळगावात दोन खोल्यांत राहणारा. गाडी ठेवणार कुठे? मी विसार घेतला. आखाजी झाली की त्याने गाडी न्यावी, असे ठरले.

त्या आखाजीला मी गाडीवर चढलो. बायका, पोरे, म्हातारे, सगळे धरून वीसएक माणसे असतील. ओळ हलली. कणा करकरला, माझ्या काळजात धस्स झाले. पण चाक फिरले. आबांनी ठोकून पाहिलेला एकही आरा निखळला नाही. वंगण मात्र त्या वर्षी कोणीच घातले नव्हते. ते काम माझे होते.

दुसऱ्या दिवशी विसार परत केला. हॉटेलवाल्याने विचारले, "भाव कमी वाटला का?"

मी म्हटले, "पुढच्या आखाजीला या. गाडीत बसायला पैसे पडत नाहीत."

गाडी आता चुलतभावाच्या खळ्यात आहे. चैत्र लागला, की मी वंगणाचा डबा घेऊन गावी जातो.